मंदीतली बोट: नाशिकहून सारोनिक आखात, आठ रात्री

निघण्याआधी, नाशिक

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ओव्हरटाइम बंद असतो, द्राक्षबागायतदार छाटणीच्या मजुरीचा हिशेब दोनदा मांडतो, अशा वर्षी कप्तान आणि स्वयंपाकीण दिमतीला असलेली शिडाची बोट भाड्याने घ्यायची म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. पण नोकरदाराच्या आणि छोट्या कारखानदाराच्या आवाक्यात ही बोट येते ती अशाच वर्षी. चार जोडपी, दोन वर्षांची भिशी आणि दिवाळीची सुट्टी एवढ्या भांडवलावर ग्रीसच्या सारोनिक आखातातला हा प्रवास जमला.

बोट पन्नास फुटी कॅटामरान, म्हणजे जुळ्या तळांची. चार केबिन पाहुण्यांना, नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दोन अरुंद केबिन कप्तान आणि स्वयंपाकिणीला. भाडं 12,000 युरो. हिशेबापुरता युरो 100 रुपयांचा धरला तर जोडप्यामागे तीन लाख. या भाड्यात बोट, खलाशी आणि बोटीचा विमा एवढंच येतं. डिझेल, किराणा, बंदराचं शुल्क, पाणी, बर्फ हे सगळं वेगळं. त्यासाठी भाड्याच्या साधारण 25 ते 35 टक्के रक्कम आधीच कप्तानाच्या हाती द्यावी लागते. धंद्यात तिला एपीए म्हणतात, आपल्या भाषेत ती सरळ ‘उचल’. आमची 30 टक्के, म्हणजे 3,600 युरो. उरलेली उचल शेवटच्या दिवशी परत मिळते. व्हॅट त्यावर, आणि बक्षिसी 5 ते 15 टक्के. नुसतं भाडं ऐकून भिशी ठरवणाऱ्यांनी ही तिन्ही कलमं आधी जमेस धरावीत.

मंदीत घासाघीस कशाची करायची, हे महत्त्वाचं. छापील दर मोडायला मालक राजी नसतो, कारण एकदा उतरलेला दर पुढच्या हंगामात गिऱ्हाईक वर चढू देत नाही. दिवस वाढवून द्यायला मात्र तो तयार असतो, कारण ऑक्टोबरअखेर बोट तशीही धक्क्याला उभीच राहणार असते. सात रात्रींच्या भाड्यात आठवी रात्र मागितली आणि मिळाली. दर पाच टक्के कमी झाला असता तर वाचले असते 600 युरो. आठव्या रात्रीने काय वाचवलं ते पुढे गुरुवारी येईल.

दुसरी गोष्ट बयाण्याची. निम्मी रक्कम करार करताना आणि निम्मी निघण्याच्या महिनाभर आधी, ही सर्वसाधारण पद्धत. मंदीत बोट कंपनी बुडाली तर बयाणा तिच्यासोबत बुडतो. म्हणून पैसे मालकाच्या खात्यात न जाता मध्यस्थाच्या वेगळ्या राखीव खात्यात राहतील, निम्मे बोट ताब्यात मिळाल्यावर आणि उरलेले प्रवास संपल्यावर मालकाला मिळतील, अशी अट करारात असायलाच हवी. भूमध्य समुद्रात चालणाऱ्या मायबा या नमुना करारात ती असते. अट नसेल तर बोट कितीही स्वस्त असो, सोडून द्यावी.

तिसरी गोष्ट: मालकाने हात कुठे आखडला आहे ते शोधणं. बोटीच्या किमतीचा दहावा हिस्सा दरसाल देखभालीत जातो, असा या धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. 2008 च्या मंदीत कितीतरी खासगी बोटी भाड्याच्या यादीत आल्या त्या हाच खर्च निघावा म्हणून. उत्पन्न घटलं की पहिली कात्री लागते न दिसणाऱ्या कामांना. गाद्या-पडदे नवे असतात, तळाचा रंग जुना. म्हणून बयाणा देण्याआधी लेखी प्रश्न पाठवले: बोट पाण्याबाहेर काढून तळ रंगवला तो महिना कोणता? डोलकाठीला धरणाऱ्या तारा कोणत्या वर्षीच्या? लाइफराफ्टची, म्हणजे संकटात फुगवायच्या तराफ्याची, पुढची तपासणी कधी? खारं पाणी गोडं करणारं यंत्र चालू आहे का? कप्तान या बोटीवर किती महिन्यांपासून आहे? उत्तरं आली: तळ एप्रिलमध्ये रंगवला, तारा सहा वर्षांच्या, राफ्टची तपासणी पुढच्या मे महिन्यात, यंत्र चालू, कप्तान तिसऱ्या हंगामाचा. या शेवटच्या उत्तराला आम्ही सर्वाधिक वजन दिलं. हंगामाच्या मध्यात आणलेल्या नव्या माणसाला बोटीची दुखणी माहीत नसतात.

व्हिसासाठी शेंगेनचं शुल्क 90 युरो आणि किमान 30,000 युरोचं विमासंरक्षण. हॉटेलच्या बुकिंगऐवजी बोटीचा करार आणि प्रवाशांची यादी जोडायची. यादीतलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः एक हवं, कारण तीच यादी पुढे बंदर अधिकाऱ्यांपुढे जाते.

फराळाचं वेगळं सांगायला हवं. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच. तेलातली चकली, चिवडा, शेव चालते. ताज्या भाज्या-फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो, त्यामुळे कढीपत्ता आणि कोथिंबीर बाद. नारळ मात्र सूट असलेल्या मोजक्या फळांत आहे, तो खुशाल न्यावा. आम्ही मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, पोह्याचे पापड आणि तीन लिटरचा कुकर नेला. सामान मऊ पिशव्यांतच भरायचं. चाकाची टणक बॅग केबिनमध्ये ठेवायला जागा नसते.

आधीच्या दोन रविवारी गंगापूर धरणावर सराव झाला. पावसाळ्यानंतर पाणी काठोकाठ असतं आणि दुपारी वारा बरा मिळतो. शिकायच्या गाठी तीनच: न सरकणारा फास म्हणजे बोलाइन, दोराचं टोक कप्पीतून निसटू नये म्हणून आठाची गाठ, आणि क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीला, दोर बांधणं. एवढं आलं की पाहुणा कप्तानाच्या पायात येत नाही.

शनिवार, आलिमोस

मुंबईहून आखाती देशांमार्गे अथेन्स. विमानतळावरून पिरेअस बंदराकडे जाणारी एक्स 96 बस किनाऱ्याच्या रस्त्याने आलिमोस मरीनाजवळ सोडते. हजाराहून जास्त बोटींची ही मरीना, आणि ऑक्टोबरअखेर तिच्यात रिकामा धक्का दिसत नाही. बोटी भाड्यावर नसल्या की इथेच उभ्या असतात.

सामान लावण्याआधी कप्तानाबरोबर तपासणीला एक तास दिला. क्रम असा. लाइफराफ्टच्या डब्यावरचं लेबल: तारीख आणि माणसांची संख्या. आम्ही आठ आणि ते दोघे, म्हणजे किमान दहा. लाइफजॅकेट उघडून आतली गॅसची नळी फिरवून काढायची. तळाशी गंज असेल तर बाजूला ठेवायची. दहापैकी एक निघालं, बदलून मिळालं. फ्लेअर, म्हणजे संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या नळ्या, त्यांवरची मुदत, अग्निशामकाचा काटा. मग डोलकाठीच्या तारा जिथे खाली जोडात शिरतात ती जागा. हात फिरवायचा नाही, टिश्यू पेपर फिरवायचा. तारेची एखादी लड तुटली असेल तर कागद अडकतो, हात असता तर कापला असता. कागद अडकला नाही. पुढच्या शिडाच्या कडेला उन्हापासून वाचवणारी पट्टी असते, तिची शिवण दोन हात उसवलेली होती. आत्ता शिवली नाही तर जोराच्या वाऱ्यात पट्टी फाटत जाते, म्हणून कप्तानाने त्याच संध्याकाळी सुईदोरा घेतला.

तळाच्या प्रत्येक व्हॉल्व्हची मूठ फिरवून पाहिली. एक घट्ट बसली होती, थोडं वंगण लावल्यावर हलली. पाण्याच्या यंत्रापाशी मात्र गाडं अडलं. मरीनाचं पाणी तेलकट असल्यामुळे ते इथे चालवून पाहता येत नाही, म्हणून नोंदवही मागितली. शेवटची नोंद सात आठवड्यांपूर्वीची. हे यंत्र वापरात नसेल तर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर त्यातल्या पडद्यावर शेवाळ-जंतू धरतात आणि पडदा वाया जातो. कोणी धुतलं नव्हतं. कप्तान म्हणाला, “चालेल असं धरून चालू नका.” त्याच्या स्पष्टपणाचं बरं वाटलं. मंदीत बोट फार चालून बिघडत नाही, उभी राहून बिघडते. ही गोष्ट पुढेही आडवी येणार होती.

टाक्या 900 लिटरच्या. दहा माणसं, माणशी 40 लिटर म्हटले तरी दोन दिवसांत तळ दिसतो. त्यामुळे मार्ग पाण्याभोवती आखला: सोमवारी पोरोसला भरायचं, बुधवारी एर्मिओनीला.

किराणा स्वयंपाकिणीने आमच्या आवडीनिवडीच्या कागदावरून आधीच भरला होता. हा कागद महिनाभर आधी नीट भरावा. ‘शाकाहारी’ एवढंच लिहिलं तर रोज चीज आणि पास्ता मिळतो. आम्ही डाळींची नावं, तांदळाचा प्रकार आणि माणशी किती ते लिहिलं होतं. रोख रकमेचंही सांगतो. 2015 च्या जूनअखेर ग्रीसमधल्या बँका बंद झाल्या, स्थानिकांना एटीएममधून दिवसाला 60 युरोच मिळू लागले. परदेशी कार्डांना ती मर्यादा नव्हती, तरी बंदरांत रोकडीलाच मान होता. आजही छोट्या धक्क्यांवर पाणी-बर्फाचे पैसे रोखच द्यावेत. उचलीतले 500 युरो सुट्ट्या नोटांत कप्तानाकडे असलेले बरे.

रविवार, आलिमोस ते पेर्दिका

एजिना बेटाच्या दक्षिण टोकाचं पेर्दिका हे कोळ्यांचं गाव साधारण 20 सागरी मैलांवर. सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. मधे पिरेअसच्या जहाजांची वाट ओलांडावी लागते. वेगवान फेरीबोट क्षितिजावर दिसल्यापासून अंगावर यायला दहा मिनिटंही लागत नाहीत, म्हणून तेवढा वेळ एक माणूस फक्त पाहायला बसवला.

वारा नव्हताच, दोन्ही इंजिनं चालू. मिनिटाला 2,000 फेऱ्यांवर या बोटीने ताशी सात मैल द्यायला हवे होते, ती सहाच्या पुढे जाईना. उत्तर बहुधा एकच असतं: तळ आणि बोटीला ढकलणारे पाण्यातले पंखे घाण. पेर्दिकाला सहा मीटर पाण्यात नांगर टाकला, 35 मीटर साखळी सोडली आणि कप्तान चष्मा लावून खाली उतरला. तळावर हिरवा मऊ थर, म्हणजे एप्रिलचा रंग खोटा नव्हता. पंख्याच्या पात्यांवर मात्र टणक शिंपले दाटून बसले होते. पाऊण तास खरवडल्यावर ते निघाले.

इथे पाहुण्याने एक ध्यानात घ्यावं. डिझेल उचलीतून जातं. मालकाने पंखे साफ करायचे पैसे वाचवले तर ते पाहुण्याच्या खिशातून भरले जातात. आमच्या अख्ख्या प्रवासात हा फरक वीसेक लिटरचाच झाला असता, पण पंखा असा असेल तर आणखी काय राहिलं असेल, हा प्रश्न त्या शिंपल्यांनी उभा केला. डिझेलचा मोठा खाऊ वेगळाच आहे. दोन इंजिनं मिळून तासाला 12 लिटर पितात, जनरेटर तीन. पण उन्हाळ्यात एसीसाठी जनरेटर रात्रभर, आठ तास, चालला की 24 लिटर झाले, म्हणजे दोन तासांच्या सफरीएवढे. ऑक्टोबरात एसी लागत नाही, खिडकी उघडी ठेवली की दुलई घ्यावी लागते. हंगामाच्या कडेला जाण्यात भाड्याबरोबर हीही बचत आहे.

सोमवार, पोरोस

सकाळी मोनी या ओसाड बेटाजवळ पोहणं. पाणी गार, पण उतरवेल इतकं. दोघांना बोट लागली होती. त्यांना नजर क्षितिजावर ठेवून मोकळ्या हवेत बसवलं, दुपारी मेतकूट-भात दिला. डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही.

पोरोस बेट दहा मैलांवर. समोर मुख्य भूमीवरचं गालातास, मधे अरुंद सामुद्रधुनी, टेकडीवर घड्याळाचा मनोरा. धक्क्याला बोट मागच्या बाजूने लावायची: नांगर पुढे पन्नासेक मीटरवर सोडून सरळ मागे येत जायचं, वाऱ्याकडचा दोर आधी, दुसरा नंतर. फेंडर, म्हणजे टक्कर झेलणारे फुगे, आधीच बांधलेले हवेत. दोन बोटींच्या मधे हात किंवा पाय घालून टक्कर वाचवायची नाही. ही एकच गोष्ट कप्तानाने आवाज चढवून सांगितली. पंधरा टन थांबवायला फेंडर असतो, माणूस नसतो.

टाक्या भरल्या. संध्याकाळी उचलीची वही उघडली. रोज दिवेलागणीला पावत्या वहीत लावून सही करायची, हा आमचा नियम. शेवटच्या दिवसावर टाकलं की कोणाला काही आठवत नाही.

मंगळवार, हिद्रा, आणि स्किली टोकाजवळचं इंजिन

लक्ष्मीपूजनाचा दिवस. पोरोसहून हिद्रा बेट बारा मैल, वाटेत स्किलीचं टोक. टोकापाशी वारा वळतो आणि लाट आखूड, उभी होते. किनारा मैलभर अंतरावर असताना उजव्या इंजिनाचा भोंगा वाजला. त्याआधी अर्धा मिनिट एक्झॉस्टचा आवाज बदलला होता: पाण्यासकट येणारी फसफस थांबून कोरडी धडधड. कान तिकडे असेल तर भोंग्याआधी कळतं. इंजिन लगेच बंद, डावं चालू, पुढचं शीड अर्धं उघडलं. कॅटामरानचा हा मोठा दिलासा की दुसरं इंजिन असतं.

कारण समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातलं इम्पेलर, रबराचं सहा पाकळ्यांचं चक्र. बोट आठवडेच्या आठवडे उभी राहिली की ज्या पाकळ्या दाबून वाकलेल्या असतात त्या तशाच कडक होतात, आणि काम पडलं की तुटतात. बदलणं वीस मिनिटांचं काम आहे, पण क्रम चुकवून चालत नाही. आधी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, नाहीतर बोटीत पाणी येतं. झाकणाचे सहा स्क्रू काढून ते वाटीत ठेवायचे, इंजिनाखाली पडलेला स्क्रू सापडत नाही. जुनं चक्र दोन पकडींनी सरळ बाहेर ओढायचं. मग पाकळ्या मोजायच्या. चारच होत्या. उरलेल्या दोन गेल्या कुठे? त्या पाण्याबरोबर पुढे जाऊन उष्णता उतरवणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतात. तिथलं झाकण उघडलं तेव्हा एक अख्खी आणि एकीचे दोन तुकडे मिळाले. हे न शोधता नुसतं नवं चक्र बसवलं तर इंजिन तासाभरात पुन्हा तापतं. नव्या चक्राला भांडी घासायचा साबण लावला, पाकळ्या फिरण्याच्या उलट दिशेला वाकवून बसवल्या, झाकण, स्क्रू, व्हॉल्व्ह उघडा, इंजिन चालू, आणि मागे वाकून पाहिलं तर पाणी पडतंय. सुट्या भागांच्या खणात हे एकच चक्र होतं. डाव्या इंजिनाचं आयुष्य तेवढंच जुनं, म्हणून एर्मिओनीला दुसरं मिळवायचं ठरलं. पुढच्या वेळी विचारायच्या प्रश्नांत ही भर: सुट्या इम्पेलरची संख्या किती?

हिद्राचं बंदर लहान, आठ मीटर रुंदीच्या बोटीला तिथे जागा मागणं म्हणजे इतरांच्या साखळ्यांवर नांगर टाकणं. शेजारच्या मांद्राकीच्या खाडीत थांबलो, गावात पायी गेलो. हिद्रावर मोटारींना मनाई, सामान वाहायला गाढवं आणि खेचरं. अमावास्या असल्यामुळे खाडीत मिट्ट काळोख. डोलकाठीच्या टोकाचा नांगरदिवा अशा रात्री विसरून चालत नाही. पूजेला बॅटरीच्या पणत्या, कारण फायबरच्या बोटीवर उघडी ज्योत नको. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळात साठतो. स्वयंपाक झाला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, हे आपल्या घरातल्याहून कडक पाळावं लागतं. नारळ मात्र खराखुरा, नाशिकहून आलेला.

बुधवार, डोकोस आणि एर्मिओनी

सकाळी चांगला वारा, ताशी चौदा-पंधरा मैलांचा. पहिल्यांदाच इंजिनं पूर्ण बंद, तीन तास शिडावर. बोट सात मैलांनी चालली, साफ केलेल्या पंख्यांचा उपयोग इथेही होतो. वाटेतल्या डोकोस बेटाजवळ 1975 मध्ये पाण्याखाली मातीच्या भांड्यांचा मोठा साठा सापडला. इसवी सनपूर्व तिसऱ्या सहस्रकातल्या बुडालेल्या जहाजाचा तो माल, आणि ज्ञात जहाजांत सर्वांत जुन्यांपैकी एक. पाण्यात दिसलेलं खापर उचलायचं नाही, कायद्याने गुन्हा आहे.

संध्याकाळचा हवामान अंदाज बिघडला. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा वारा, ज्याला इथे ओस्त्रिया म्हणतात, वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मापावर सात. एर्मिओनी गाव एका चिंचोळ्या भूशिरावर आहे. दक्षिणेचा धक्का जेवायला सुंदर, पण या वाऱ्यात तिथे बोट आपटते. उत्तरेच्या बंदरात लागलो, 60 मीटर साखळी सोडली, मागचे दोर दुप्पट केले.

गुरुवार, एर्मिओनी, थांबलेले

आठवी रात्र कशासाठी मागितली होती ते आज कळतं. सात रात्रींचा करार असता तर बोट शुक्रवारी संध्याकाळी आलिमोसला पोचवावी लागली असती, आणि त्यासाठी आज या वाऱ्यात निघण्याचा मोह झाला असता. दिवस हाताशी नसला की चांगला कप्तानही धोका पत्करतो. त्यात वादळी वाऱ्याच्या अंदाजाला बंदर अधिकारी भाड्याच्या बोटींना निघायची मनाई करतात ती वेगळीच. 600 युरोची सूट घेऊन हा दिवस गमावणं हा वाईट सौदा ठरला असता.

दिवस वाया गेला नाही. गावातल्या दुकानात इम्पेलर मिळालं, डाव्या इंजिनाचं जुनं काढून पाहिलं तर दोन पाकळ्यांच्या मुळाशी तडे. ते मालकाच्या खर्चाने, उचलीतून नाही. देखभालीचा खर्च उचलीत धरायचा नसतो. वहीत तशी नोंद करून कप्तानाची सही घेतली.

एर्मिओनी डाळिंबासाठी ओळखलं जातं आणि हा त्याचा हंगाम. कसमादेत, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळ्याच्या डाळिंबपट्ट्यात, वाढलेल्या माणसाचा पाय बाजारात आपोआप तिकडे वळतो. ग्रीसमध्ये ‘वंडरफुल’ जातीची लागवड मोठी. साल जाड, दाणा गडद, चव आंबटगोड, बी मात्र आपल्या ‘भगवा’ जातीपेक्षा टणक. रस काढायला ते उत्तम, दाणे खायला भगवाच. भाऊबीजेला बोटीवर रस झाला, भाजणीची थालीपिठं झाली. स्वयंपाकीण कुकरच्या पहिल्या शिट्टीला दचकली, तिसरीला तिने स्वतः गॅस बंद केला.

शुक्रवार, अडकलेला नांगर, पुन्हा पोरोस

वारा उतरला आणि सगळ्या बोटी एकदम निघाल्या. आमचा नांगर वर येईना. विंडलासची, म्हणजे नांगर ओढणाऱ्या यंत्राची, मोटर कण्हत थांबली. तिथेच थांबायचं, बटण दाबून धरलं तर मोटर जळते. इंजिन हळू पुढे घेत साखळी थोडी थोडी ओढली तेव्हा दिसलं, आदल्या संध्याकाळी आलेल्या शेजारच्या बोटीची साखळी आमच्या नांगराच्या दातावर आडवी बसलेली.

सोडवायची रीत अशी. नांगर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणायचा. एक दोर त्या परक्या साखळीखालून घालून त्याची दोन्ही टोकं आपल्या नाळेवर बांधायची, म्हणजे साखळीचं वजन दोरावर येतं. मग आपला नांगर मीटरभर खाली सोडायचा. तो साखळीच्या खालून सुटतो, थोडं मागे घेतलं की बाजूला होतो. नांगर वर घेऊन पक्का करायचा, आणि शेवटी दोराचं एक टोक सोडायचं. परकी साखळी आपोआप तळाशी जाते. हे सगळं आकड्याने किंवा दोराने, हाताने कधीच नाही. एक काका साखळी बाजूला करायला खाली वाकले तेव्हा वहिनींनी त्यांना मागून धरून ओढलं: “भाऊजी, हात लांब!” साखळी ताणातून सुटली की हाताची बोटं जागेवर राहत नाहीत. पंचवीस मिनिटं लागली. शेजारच्या बोटीला आधी हाक मारून सांगितलं होतं, त्यांनी आपली साखळी सैल केली, म्हणून एवढ्यावर निभावलं.

पोरोसपर्यंत एकोणीस मैल, मागच्या लाटेवर. इंजिनं निम्मा वेळच.

शनिवार, आलिमोस

27 मैल. मधे पिरेअसची वाट पुन्हा, या वेळी दुपारच्या गर्दीत. पाचच्या आत इंधन धक्क्याला लागायचं, नंतर रांग वाढते. टाकी जेवढी भरलेली मिळाली तेवढी भरून द्यायची: पूर्ण प्रवासाचं डिझेल 190 लिटर. शौचालयांची टाकी बंदरात शिरण्याआधी उघड्या समुद्रात, किनाऱ्यापासून लांब रिकामी केली. आठ दिवसांत एकही शौचालय तुंबलं नाही. बोटीवरचा सर्वांत नेहमीचा बिघाड हाच असतो, आणि कारण नेहमी कागद. कागद डब्यात टाकायचा ही सूचना पहिल्याच दिवशी प्रत्येक दारावर मराठीत चिकटवली होती.

रविवार, हिशेब

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपात घड्याळं तासाने मागे जातात. फोन आपोआप बदलतो, बोटीच्या भिंतीवरचं घड्याळ नाही. विमानाची वेळ फोनवरूनच धरावी.

जेवणाच्या टेबलावर वही उघडली. डिझेल 340 युरो, किराणा आणि पेयं 1,450, बंदरं आणि धक्के 260, पाणी-बर्फ-गॅस 90. एकूण 2,140. उरले 1,460, ते कप्तानाने मोजून परत दिले. बक्षिसी 10 टक्के, 1,200, दोघांना एकाच पाकिटात कप्तानाच्या हाती, स्वयंपाकिणीच्या समोर. काम मंद असलेल्या वर्षी खलाशांचा पगार बेताचाच असतो, बक्षिसीवर त्यांचा हिवाळा निघतो. तिथे हात आखडू नये.

मालकासाठी कागदावर चार ओळी लिहून दिल्या: पाण्याच्या यंत्राचा पडदा, दोन्ही इंजिनांची सुटी इम्पेलर, पुढच्या शिडाची पट्टी, तळाचा घट्ट व्हॉल्व्ह. कप्तानाने त्याची प्रत काढून घेतली. नव्या पाहुण्यांच्या किराण्याची खोकी धक्क्यावर येऊन पडली होती, आणि तो पाण्याची नळी जोडून पहिल्यांदा ते यंत्र धुवायला बसला.